चिंचेने घासलेली पट्टी

मी आयुष्यात बऱ्याच वस्तू घासून घासून वाया घालवल्या आहेत, पण एका माणसाची पन्नास वर्षं चिंचेच्या कोळाने पाच मिनिटांत साफ केली, असं एकदाच झालं. तेव्हा मी लहान होते. म्हणजे एकसष्ठ वर्षांची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिचा कान पिळावासा वाटतो. शाळेतून निवृत्त झालेली, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पुण्याहून मुलाकडे फरीदाबादला आलेली, आणि आपल्या येण्याने दिल्लीकडच्या समस्त मराठी माणसांना आता वळण लागणार अशी मनोमन खात्री बाळगणारी. गुन्हा तिने खंडेनवमीच्या दिवशी केला, एका हातात हळदकुंकवाचं तबक घेऊन.

गुन्हा सांगायचा तर ज्यांच्याविरुद्ध केला ते आधी सांगायला हवेत.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि खाली घरमालक एकटेच. बायको नव्हती, लेक नोएडाला नोकरी करायची. मूळचे सांगलीकडचे, पण चाळीस वर्षं फरीदाबादच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढलेली, त्यामुळे मराठीला मधूनमधून हिंदीची फोडणी. मी त्यांना 'मालक' म्हणायचे. ते चिडायचे. "मालक नका म्हणू हो वहिनी. मालक फॅक्टरीत असायचे, एसीत. आम्ही टूलरूमवाले." मग तर मी मालकच म्हणायचे. माझ्या यजमानांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी मी वहिनी होते, तेव्हा फिटंफाट.

उंच, किंचित वाकलेले, डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग गायब. मला वाटलं जन्मतःच असेल. आणि गळ्यात, सदऱ्याच्या आत, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक.

हे चुंबक मी पहिल्याच दिवशी पाहिलं. आमचं सामान नुकतं उतरलं होतं, स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग होता. हे वर आले, नमस्कार वगैरे काही नाही, गळ्यातून चुंबक काढलं आणि एकेका पातेल्याला लावायला लागले. "हे चिकटतं. हे नाही चिकटत. अच्छा, हे पण नाही." सूनबाई माझ्या कानात म्हणाली, "आई, हे आपली पाहणी करतायत का?" शेवटी माझ्या लग्नातल्या डब्यापाशी थांबले. चुंबक चिकटलं नाही. "वा," म्हणाले, "अस्सल स्टील. माहेर चांगलं आहे." आणि खाली निघून गेले.

त्या घराला गॅरेज होतं. फरीदाबादेत गाडी लावायच्या जागेवरून सुशिक्षित माणसं एकमेकांच्या सात पिढ्या काढतात, आणि ह्यांच्याकडे चांगलं शटरचं गॅरेज होतं. त्यात लेथ होता. गाडी रस्त्यावर, उन्हात. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गाडीला ऊन चालतं. लेथला नाही चालत."

लेथवर धातू कापायला जे बोटभर कटर लागतात ते बाजारात वाट्टेल तेवढे मिळतात. हे एकही विकत घेत नसत. "मिळतं म्हणून घेऊ नये, वहिनी. मिळतं म्हणून तर सगळे बिघडले." जुन्या झिजलेल्या कानशी, फुटक्या बेअरिंगच्या कड्या, कुठल्याशा गाडीच्या स्प्रिंगचा तुकडा असं कायकाय दिल्लीच्या करोल बागेतल्या जुन्या पार्टवाल्यांकडून उचलून आणायचे, घासून त्याचे कटर करायचे, आणि मग त्यांना पाणी द्यायचे. पाणी म्हणायचं, असायचं तेल. सरसोंचं, म्हणजे मोहरीचं. मला त्या तेलाचा वास उभ्या जन्मात सोसला नाही हे कळल्यावर ते खूश झाले. "बरोबर आहे तुमचं. सरसोंचं तेल माणसाने खायचं नाही, पोलादाने प्यायचं."

दुपारी घरात मी एकटीच असायचे, म्हणून खाली जाऊन स्टुलावर बसायचे. बघायला मोठी मजा. गॅसच्या बर्नरवर कटर लाल होत जायचा. मग हे गळ्यातलं चुंबक काढून चिमट्याने त्याच्याजवळ न्यायचे. चिकटलं की अजून कच्चा. तापत तापत एक वेळ अशी यायची की चुंबक जवळ नेलं तरी कटर ढिम्म. "बघा," म्हणायचे, "पुरेसं तापलं की लोखंड चुंबकाला ओळख देत नाही. लग्न झालेल्या मुलासारखं." मी इतकी हसले की स्टुलावरून पडायची राहिले. आणि नेमकी त्याच क्षणी सूनबाई ऑफिसातून लवकर आलेली, दारात उभी. त्या रात्री पोळ्या मी केल्या.

लाल कटर तेलात बुडाला की चर्र व्हायचं, धूर निघायचा, मग तो गार झाल्यावर त्यावर कानस फिरवायची. कानस घसरली तर पास, चावली तर नापास. एकदा असा पास झालेला कटर त्यांनी मुद्दाम फरशीवर टाकला. बत्तासा फुटावा तसे दोन तुकडे. मी हाय खाल्ली.

"पास होता ना तो?"

"कडक झाला होता. कडक तर काचही असते. आता त्याला थोडं नरम करायचं, बेताबेताने, मग तो कामाचा. लोक कडक करतात आणि तिथेच थांबतात."

हे ते कटरविषयी बोलत होते असं मी समजत होते. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाच्या बसने आम्ही पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला गेलो होतो. बसमध्ये पुण्याकडची आयटीतली पाचसात पोरं-पोरी वेफर्स खात गाणी म्हणत होती आणि मी उभी राहून त्यांना, आपण कुठे निघालो आहोत आणि कशासाठी, यावर खणखणीत वीस मिनिटं ऐकवली. बस गप्प. मी समाधानाने बसले. पुढच्या सीटवरून हे मागे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचं हार्डनिंग फार छान झालंय. टेम्परिंग राहिलं." तिथे स्तंभापाशी सगळे भाषणं करत होते, तलवारी, शौर्य, आणि हे एकटे बाजूला. मी विचारलं तर म्हणाले, "तलवारी चांगल्याच असणार हो. पण धरणारे उपाशी होते. उपाशी हातात पोलाद काय करणार?" परत येताना त्या वेफर्सवाल्या पोरांना मी माझ्या डब्यातले सगळे लाडू दिले. सूनबाईने त्याचा फोटो काढून ठेवला आहे, पुरावा म्हणून.

माझ्या पुण्याहून आणलेल्या विळीलाही त्यांनी पाणी दिलं होतं. तेव्हापासून कोबी कापला गेल्याचं कोबीला कळत नसे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकायला हवी होती. कडक करताना ते मला स्टुलावर बसू देत, उत्साहाने दाखवत. नरम करायची वेळ आली की म्हणत, "चला वहिनी, तुमचा चहा राहिलाय," आणि मी बाहेर पडले की गॅरेजचं दार लोटून घेत. आत एक वाळूची कढई होती एवढं मला माहीत. मी समजले, शेंगदाणे भाजत असतील. एकट्या माणसाला कशाची ना कशाची लाज वाटतेच.

आता मेट्रोचा प्रसंग, कारण त्याशिवाय लेकीची अट कळणार नाही. उन्हाळ्यात एकदा हे करोल बागेतून पिशवीभर कानशी घेऊन परतत होते. स्टेशनवर पिशवी त्या यंत्रातून गेली, यंत्र थांबलं, सुरक्षेवाल्याने एक कानस बाहेर काढून विचारलं, "अंकल, ये क्या है? हथियार है?"

खरं बोलण्याची खोड. हे म्हणाले, "अभी नहीं बेटा. गुरुवार तक हो जाएगा."

दीड तास बसवून ठेवलं. नोएडाहून लेक ऑफिस सोडून आली तेव्हा हे त्या सुरक्षेवाल्याला, त्याच्या कमरेच्या चाकूचं पोलाद कसं दुय्यम आहे ते समजावून सांगत होते. लेकीने तिथे काही केलं नाही. घरी आणून मात्र, माझ्यादेखत, सांगितलं. त्यांची ही लेक दिल्लीतच जन्मलेली, तिचं मराठी धावताधावता रूळ बदलायचं. "बाबा, तुम्ही भाव करताना पन्नासची नोट पाचशेची समजून दिली, दुकानदाराने परत बोलावलं, हे त्यानेच मला फोन करून सांगितलं. मेट्रोचा बोर्ड तुम्ही वाचला नाही, उलट्या बाजूला गेलात. मी इथे नाही. तुम्ही आग घेऊन खेळता. ज्या दिवशी मला कळेल ना की तुम्हाला नीट दिसत नाहीये, उसी दिन गॅसची नळी कापून गॅरेजला कुलूप. बिल्कुल."

"दिसतंय," हे म्हणाले. "चष्मा पुसलेला नव्हता."

लेक गेल्यावर पुष्कळ वेळ ते लेथच्या हँडलवर हात ठेवून नुसते उभे होते. गॅरेज बंद झालं तर हा माणूस दिवसभर करेल काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो लगेच बाजूला सारला, कारण गॅसवर दूध होतं.

तर खंडेनवमी. हे करोल बागेत गेलेले, किल्ली माझ्याकडे. मला वाटलं, केवढी हत्यारं ह्या माणसाकडे, आणि आपल्यात आज हत्यारं घासूनपुसून पूजतात हे ह्याला इकडे राहून विसरायला झालं असेल. आपण कशाला आहोत? मी पदर खोचला. चिंच भिजवली, राख कुठून आणणार म्हणून रांगोळी घेतली, आणि ड्रॉवरमागून ड्रॉवर रिकामे केले. सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, वीतभर लांब पोलादाची एक पट्टी होती. तिच्यावर डाग. एका टोकाला निळे, मग जांभळट, मग तपकिरी, मग पिवळट. दूध उतू जाऊन पातेलं गॅसवर राहिलं की बुडाला येतात ना, तसे. आणि जळकं पातेलं मला, आमच्या घराण्यालाच, कधी सोसलेलं नाही. सगळ्यात जास्त जोर मी त्या पट्टीवर लावला. पाच मिनिटांत आरशासारखी. कोरडी पुसून, खोबरेल लावून, एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट, लेथला झेंडूचा हार, आणि ह्या सगळ्याचा फोटो लेकीला पाठवला, मधोमध पट्टी. तिला वडिलांची काळजी असते ना.

दोन मिनिटांत फोन. "काकू, ती पट्टी... ती रंगवाली पट्टी, तुम्ही घासली? पूरी?"

"स्वच्छ!"

मग तिने सांगितलं. ते डाग नव्हते. कटर वाळूत तापवून नरम करताना त्याच्या अंगावर रंग चढत जातात, आधी फिकट पिवळा, मग सुक्या गवताचा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कटर गवती रंगावर काढायचा. निळा झाला तर मऊ पडला, वाया गेला. बाबांनी शिकाऊ असताना ही पट्टी स्वतः तापवून सगळे रंग ओळीने एका पट्टीवर आणले होते, आणि पन्नास वर्षं प्रत्येक कटर तिच्या शेजारी धरून पारखला होता. "काकू, आधीच्या भाडेकरूने त्यांच्या पटाशीने पेंटचा डबा उघडला होता. फक्त डबा. महिन्यात घर खाली करायला लावलं."

मी मुलाला फोन केला नाही, सुनेला सांगितलं नाही. आठ तास नुसती जिन्यात वर-खाली करत होते. संध्याकाळी हे आले. हार पाहिला, ड्रॉवर उघडले, पट्टी फडक्यातून काढून हातात घेतली, उलटसुलट केली. मी डोळे मिटले.

"वा वहिनी! देवघर केलंत की हो गॅरेजचं."

आणि पट्टी परत फडक्यात.

लेकीचा रात्री फोन. "ओरडले का?" मी म्हटलं, "नाही गं! एक शब्द नाही. देवमाणूस आहेत." "एक शब्द नाही?" तिने पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "अच्छा. मी रविवारी येते."

पुढचे चार दिवस त्या एकसष्ठ वर्षांच्या बाईने काय विचार केला हे लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहितेच. तिला वाटलं, ज्याने पटाशीसाठी एका कुटुंबाला घराबाहेर काढलं, तो माणूस आपल्याला एवढी मोठी चूक माफ करतो, ती का? काहीतरी असणार. तिने दसऱ्याला ठेवणीतली नारायणपेठी नेसली. सोनं द्यायला खाली जाताना आरशात दोनदा पाहिलं. देवा रे.

चौथ्या दिवशी दुपारी मी खाली डाळीचे लाडू घेऊन गेले. दार लोटलेलं, पण फट होती. गॅसवर वाळूची कढई, वाळूवर एक कटर. ह्यांच्या डाव्या हातात ती पट्टी, कोरी, घासलेल्या पेल्यासारखी, कोपऱ्यात माझं कुंकू. ती त्यांनी कटरशेजारी धरली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि स्वतःशीच म्हणाले, "हां. गवती. बिल्कुल गवती."

पट्टीवर काहीच नव्हतं. आणि चिमट्यात उचललेला कटर मोराच्या मानेसारखा निळा होता.

लाडवाचा डबा मी तिथेच दाराशी ठेवला. माफी नव्हती, काही नव्हतं. त्यांना दिसलंच नव्हतं.

"मालक," मी म्हटलं, "तो निळा आहे."

ते दचकले. मग सावरून, "गवती आहे."

"निळा. बत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. निळं मला कळतं."

ते स्टुलावर बसले. माझ्या स्टुलावर. "किती निळा?"

"पार निळा."

"मग गेला." त्यांनी हात लांब करून कटर एका पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात आवाज झाला म्हणून मी वाकून पाहिलं. आत तीसचाळीस कटर होते, सगळे निळे.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. धुकं दिसायला लागलं. मी म्हटलं, थंडी लवकर आली."

"मे महिन्यात?"

"दिल्लीचं काय सांगता येतं, वहिनी." मग गळ्यातल्या चुंबकाशी चाळा करत म्हणाले, "कडक करायला चुंबक पुरतं हो. नरम करायला डोळे लागतात."

मोतीबिंदू. डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं, ऑपरेशन करा म्हणून. हे पळून आले होते. "डोळ्याला ब्लेड लावणार म्हणे. त्या ब्लेडला पाणी कुणी दिलंय, कसं दिलंय, कुणी सांगेल? मी माझ्या लेथला दुसऱ्याचा कटर लावत नाही. डोळ्याला लावू?" आणि मग, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते: "लेकीला सांगू नका. ती बोलते तसं करते. गॅरेज बंद झालं तर मी... तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. शाळा सुटल्यावर पहिले सहा महिने मी रोज सकाळी सातला तयार होऊन बसत होते.

पट्टीचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वेळी एकच वाईट बातमी द्यावी असं मी मनाशी म्हटलं. खोटं. घाबरले होते.

उलट मी म्हटलं, "रंग मी सांगते." त्या दिवशी दुपारी आम्ही नवा कटर कढईत ठेवला. मला गवती-बिवती काही सांगता येईना, दिल्लीत गवत पाहिलंय कुणी. पण कढईत काय चाललंय हे मला आयुष्यात कुणी शिकवायला लागलेलं नाही. "थांबा... अजून पांढरा... आता साजूक तूप. आता कांदा गुलाबी व्हायला लागला. गुलाबी. गुलाबी. बदामी झाला! काढा, काढा, करपेल!"

त्यांनी काढला. लेथला लावला. लोखंडाची अशी लांब कुरळी साल निघाली की ती त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली आणि हसले. मेपासून पहिल्यांदा, असं मला वाटतं. पुढचे दोन दिवस आम्ही सहा कटर केले. बदामी म्हणजे काढायचं, एवढंच आमचं शास्त्र.

रविवारी लेक आली. कचोऱ्या घेऊन आली, वडिलांच्या बर्नरवर जळलेल्या भुवईकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, माझ्यासमोर एक कटर करा. लहानपणी दाखवायचात तसा."

"बिल्कुल," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मी मेथीची जुडी घेऊन स्टुलावर बसले. कडक करणं झकास पार पडलं. कटर घासून चकचकीत करून वाळूवर गेला. गॅरेजमध्ये नुसता बर्नरचा आवाज.

मी मेथीला उद्देशून म्हटलं, "आमच्या सूनबाईने काल तूप काय सुरेख कढवलं!"

ह्यांनी मान हलवली.

"तूप झालं की मी कांदा घेते. कांदा कसा, आधी गुलाबी..."

"काकू," लेक म्हणाली, "कांदा कुठेय? तुमच्या हातात मेथी आहे."

"मेथीत घालतात," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "बदामी करून!"

ह्यांनी झटक्यात कटर उचलला. सुंदर निघाला होता. तिने तो चिमट्यासकट हातात घेतला, खिडकीपाशी नेला, पाहिला.

"बाबा, कोणता रंग आहे?"

"बदामी," हे छाती काढून म्हणाले.

ती वळली. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ हसत होते. "सगळी जिंदगी तुम्ही गवती म्हणत आलात, बाबा. बदामी कधीपासून?"

मेथी माझ्या हातातच राहिली. मग हळूहळू त्यांनी स्वतःच गॅस बंद केला आणि नळीवर हात ठेवला, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "नळी कापू नकोस," म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. "नाही कापत. पण आधी डोळे. दिवाळीच्या आधी. नाहीतर बाबा, देवाशप्पथ, नळी नाही, लेथ उचलून नेईन."

जिन्यात तिने मला गाठलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "काकू, मला तर तुमच्या फोनवरच कळलं. पट्टी कोरी झाली आणि बाबा ओरडले नाहीत? रात्रभर झोप नाही आली मला." मी सारवासारव करू लागले तर म्हणाली, "पट्टीचं आता सांगू नका यार. ऑपरेशनच्या आधी बीपी नको वाढायला." ही मुलगी मला काकू म्हणते आणि यार पण म्हणते, दिल्लीत दोन्ही एका वाक्यात बसतं.

डॉक्टर तरुण होता. ह्यांनी टेबलावर आडवं व्हायला साफ नकार दिला. "डॉक्टरसाब, पहले धार दिखाओ." सगळे थक्क. तो डॉक्टर मात्र भला, त्याने खरंच ब्लेड आणून भिंगाखाली धरलं. ह्यांनी बराच वेळ पाहिलं, मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"कुछ दिखता नहीं," शेवटी कबूल केलं.

"इसीलिए तो, अंकल," डॉक्टर म्हणाला.

दिवाळी झाली. काळा चष्मा उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. मी गेले तेव्हा गॅरेजचं शटर पूर्ण वर, ऊन आत. हे उभे. निळ्या कटरांचा डबा टेबलावर ओतलेला, एकेक उचलून बघत होते, मुलं गोट्या बघतात तसे. "काय निळा आहे हो," म्हणाले. "केवढा निळा!" मग आमचे सहा बदामी कटर ओळीने लावले. पाहिले. "पास."

मग खाली वाकून त्यांनी शेवटचा ड्रॉवर उघडला, आणि मलमलीचं फडकं सोडलं.

पट्टी उन्हात अशी चमकली की छतावर कवडसा नाचला. त्यांनी ती ह्या बाजूने पाहिली. त्या बाजूने पाहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली. कोपऱ्यातलं कुंकू अंगठ्याने घासून त्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे.

मी सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, चिंच, रांगोळी, जळकं पातेलं, फोन. नारायणपेठी तेवढी वगळली. शेवटी म्हटलं, "महिन्याभरात जागा सोडू आम्ही. मुलाला मी सांगते."

गॅरेजमध्ये एकसष्ठ वर्षांची एक शिक्षिका, बाकावर उभ्या केलेल्या मुलीसारखी. त्यांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली, गॅसची नळी तपासली, बर्नर पेटवला, वाळूची कढई वर चढवली, पट्टीचं एक टोक वाळूत खोवलं, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले,

"वहिनी, तेव्हाच सांगायचं होतंत. ओरडायला कुठे डोळे लागतात?"